परदेशांतील आतिथ्यगृहांत उमेदवारी
(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या तरुण व पालकांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, याबद्दल आम्ही उत्सवसमितीचे मनःपूर्वक आभारी आहों. देवळाचा पूर्वइतिहास आमच्याहून अधिकारी वक्त्यांनीं आपणांस ऐकविला आहेच. आमच्याकडे आलेला विषय आजच्या घराघरांतला आहे. आपल्या पूर्वजांनीं केळीं, पानें आणि फुलें घेऊन मुंबईचे बाजार गांठले. त्यांचीं नातवंडें आतां हॉटेलविद्या शिकून समुद्रापार जात आहेत. समुद्रकांठीं किंवा पर्वतांवर, जेथें पाहुणे आठ-आठ दिवस विसाव्यास येऊन राहतात, अशा विस्तीर्ण आतिथ्यगृहांस रिसॉर्ट म्हणतात. अशा रिसॉर्टांत उमेदवार म्हणून जाण्याची तयारी आज आपल्यापैकीं अनेक घरांत चालली आहे. आम्हीं स्वतः अमेरिकेंतील एका डोंगराळ प्रदेशांत बारा महिने ही उमेदवारी केली आहे. म्हणून आमचें बोलणें विशेषेंकरून त्याच देशाविषयीं राहील.

तीन प्रश्नांचा विचार करूं. हा धंदा ख्रिस्ती माणसास शोभणारा आहे काय? उमेदवार म्हणजे नेमका कोण, आणि तो शिकतो तें काय? आणि जाणाऱ्यानें व पाठविणाऱ्यानें कोणत्या गोष्टी संभाळाव्या?

पहिल्या प्रश्नास उत्तर देणें अवश्य आहे, कारण आपल्यांतील कांहीं वडील मंडळी उघड बोलून दाखवितात कीं, परक्यांचीं अंथरुणें घालण्यासाठीं आणि उष्टीं भांडीं उचलण्यासाठीं का आम्हीं लेकरांना एवढें शिकविलें? या बोलण्यांत माया आहे, हें आम्ही जाणतों. परंतु पवित्र शास्त्र उघडून पाहिलें असतां पाहुण्याची सेवा हें हलकें काम कोठेंच ठरत नाहीं. मम्रेच्या झाडांखालीं भर उन्हांत तीन अनोळखी वाटसरू दिसले, तेव्हां वृद्ध अब्राहाम स्वतः धांवत सामोरा गेला. पाय धुण्यास पाणी, भाकरी आणि वासराचें मांस त्यांच्यापुढें ठेवून ते जेवत असतां तो जवळ उभा राहिला. पुष्कळ दासदासी पदरीं असलेला तो कुलपति होता. तरीही ही सेवा त्यानें आपल्या हातून केली.

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण सर्व जाणतों. जखमी माणसास तो धर्मशाळेंत घेऊन आला, रात्रभर त्याची शुश्रूषा केली, आणि दुसऱ्या दिवशीं धर्मशाळेच्या रखवालदारास दोन दिनार देऊन व अधिक खर्च झाल्यास परततांना भागविण्याचें वचन देऊन तो पुढें गेला. प्रवचनांत आपण बहुधा येथेंच थांबतों. परंतु शोमरोनी निघून गेल्यावर त्या जखमी माणसाच्या पट्ट्या कोणीं बदलल्या, त्याला पेज कोणीं पाजली, त्याचें अंथरूण कोणीं झटकलें? तें काम त्या धर्मशाळेच्या माणसांकडेच आलें असणार. त्यांना त्याचा मोबदला मिळाला. तथापि मोबदला घेतल्यानें त्या सेवेंतील दया नाहींशी झाली नाहीं. हॉटेलांत काम करणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती तरुणानें हा दाखला त्या रखवालदाराच्या बाजूनेंही एकदां वाचून पाहावा.

पवित्र सभेनेंही हा धडा कृतींत उतरविला. सहाव्या शतकांत संत बेनेडिक्ट यांनीं आपल्या संन्याशांसाठीं जी नियमावली लिहिली, तिच्या ५३ व्या अध्यायांत येणारा प्रत्येक पाहुणा साक्षात् ख्रिस्त समजून त्याचें स्वागत करावें असा दंडक घालून दिला. सुमारें १०५० मध्यें संत बर्नार्ड यांनीं आल्प्स पर्वतांतील सुमारें ८,१०० फूट उंचीच्या खिंडींत वाटसरूंसाठीं निवारा उभारला. बर्फांत सांपडलेल्या प्रवाशांना तेथील धर्मबंधूंनीं शतकानुशतकें आसरा दिला, आणि तें दार आजही उघडें आहे. हॉटेल, हॉस्पिटल आणि हॉस्पिस हे तिन्ही शब्द पाहुणा या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दापासून निघालेले आहेत. एकाच मायेच्या या तीन लेकी होत.

पुढें या सेवेची विद्या बनली. १८९३ मध्यें स्वित्झर्लंडांतील लोझान येथें हॉटेलविद्येची शाळा निघाली. आपल्याकडे १९५४ मध्यें मुंबईस अशी संस्था स्थापन झाली आणि दादरच्या त्या संस्थेंतून अनेक पिढ्या शिकून बाहेर पडल्या. ज्याच्या नांवानें पॅरिसमध्यें १८९८ साली जगप्रसिद्ध हॉटेल उघडलें तो सेझार रिट्झ स्वित्झर्लंडांतील नीडरवाल्ड या खेड्यांतल्या शेतकरी कुटुंबाचें तेरावें अपत्य होता. त्याचा आरंभही जेवणगृहांतील उमेदवारीनेंच झाला होता. तेव्हां, बंधुभगिनींनो, थाळी उचलणारा हात कमी प्रतीचा मानूं नका.

आतां दुसरा प्रश्न. उमेदवार हा पूर्ण पगारी कामगार नव्हे आणि फिरावयास गेलेला प्रवासीही नव्हे. तो शिकण्यासाठीं काम करणारा असतो. अमेरिकेंत अशा उमेदवारास जे-१ नांवाच्या परवान्यावर प्रवेश मिळतो. ही व्यवस्था निरनिराळ्या राष्ट्रांतील लोकांनीं एकमेकांकडून शिकावें या हेतूनें १९६१ च्या एका कायद्यान्वयें उभी राहिली. शिकत असलेल्या, अथवा पदवी घेऊन बारा महिन्यांच्या आंत असलेल्या विद्यार्थ्यास इंटर्न म्हणतात. पदवी वा प्रमाणपत्र घेतल्यावर आपल्या देशांत त्याच धंद्याचा निदान एक वर्ष अनुभव घेतलेला, किंवा पदवी नसतांही पांच वर्षें त्या धंद्यांत काढलेला जो असतो, त्यास ट्रेनी म्हणतात. आतिथ्याच्या धंद्यांत दोघांचीही मुदत जास्तींत जास्त बारा महिन्यांची असते.

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे शिक्षणाचा आराखडा. तेथील सरकारनें मान्यता दिलेली एक पुरस्कर्ती संस्था, रिसॉर्टचा मालक आणि उमेदवार अशा तिघांच्या त्यावर सह्या असतात. कोणत्या खात्यांत किती आठवडे, कोणाच्या देखरेखीखालीं, काय शिकावयाचें, आणि वेतन मिळावयाचें असल्यास तें किती, हें सर्व त्यांत लिहिलेलें असतें. नियम असा आहे कीं सहा महिने वा अधिक मुदतीच्या हॉटेलशिक्षणांत निदान तीन खात्यांतून उमेदवारास फिरविलें पाहिजे. आठवड्यास निदान ३२ तासांचें शिक्षण मिळालें पाहिजे. आणि ज्यांत कांहींच कौशल्य नाहीं अशा मजुरीवर त्याला ठेवतां येत नाहीं. आजारपणाचा विमाही सक्तीचा असून दर आजारास वा अपघातास निदान १,००,००० डॉलरांचें संरक्षण असावें लागतें. दुसऱ्या मालकाकडे फावल्या वेळीं काम करण्याची मात्र उमेदवारास मोकळीक नसते, आणि मुदत संपल्यावर तीस दिवसांच्या आंत देश सोडावा लागतो. या नियमांनीं कांहीं दारें बंद होतात व कांहीं संरक्षणें मिळतात. दोन्ही आधींच ठाऊक असावीं.

प्रत्यक्ष शिकावयास मिळतें तें काय, हें थोडें विस्तारानें सांगूं. आरंभ बहुधा खोल्यांच्या निगेपासून, म्हणजे हाऊसकीपिंगपासून, होतो. आम्हांस दिवसास चौदा-पंधरा खोल्या असत. दारावर टकटक करून आपण कोण हें मोठ्यानें सांगावें, थांबावें, पुन्हां टकटक करावी, मगच आंत जावें. आधीं वापरलेल्या चादरी व टॉवेल काढावे, मग न्हाणीघर, मग पलंग, आणि धूळ नेहमीं वरून खालीं पुसावी. उलट क्रमानें केलेलें काम दोनदां करावें लागतें. साफसफाईचीं औषधें नांवपट्टी पाहिल्याखेरीज हातीं घेऊं नयेत. ब्लीच आणि अमोनिया कधींही एकत्र करूं नयेत, कारण त्यांपासून विषारी वायु निघतो. पाहुण्याची विसरलेली वस्तु, मग ती अंगठी असो कीं फाटका मोजा, वहींत नोंदवून जमा करावी. या एका नियमांत सातवी आज्ञा रोज पाळावी लागते.

जेवणगृहांत गेल्यावर कळतें कीं वाढप्याची परीक्षा हातांपेक्षां कानांची असते. एखाद्या पाहुण्यास भुईमूग, दूध, गहूं, कोळंबी अशा पदार्थांनीं अपाय होतो; तो जीवावरही बेततो. अमेरिकेच्या कायद्यानें असे नऊ मुख्य पदार्थ ठरविले असून त्यांतील नववा, म्हणजे तीळ, २०२३ च्या आरंभापासून धरला जातो. पाहुण्यानें सांगितलेलें जसेंच्या तसें स्वयंपाकघरांत पोंचविणें ही वाढप्याची जबाबदारी आहे, आणि ठाऊक नसेल तेथें 'विचारून सांगतों' असें म्हणण्याची संवयही तेथेंच लागते. एकवीस वर्षांखालील कोणास मद्य देतां येत नाहीं. ओळखपत्र पाहण्याचा संकोच बाळगूं नये.

स्वयंपाकघरांत थर्मामीटरचें राज्य असतें. गरम अन्न ५७ अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खालीं राहिलें पाहिजे. मधल्या उष्णमानांत रोगजंतु झपाट्यानें वाढतात. कोंबडीचें मांस आंतून ७४ अंशांपर्यंत शिजलें आहे हें अंदाजानें ठरवावयाचें नसतें, सुई खुपसून पाहावयाचें असतें. आपल्या आयांना जें हातानें व नाकानें कळतें तेंच तेथें आंकड्यांनीं शिकवितात. आपल्या लग्नांतून व पाचूंच्या जेवणांतून शेंकडों पानें उठतात. हें ज्ञान गांवीं आणलें तर उपयोगी पडेल.

शेवटीं स्वागतकक्ष, ज्याला फ्रंट ऑफिस म्हणतात. तेथें दमून आलेला, रागावलेला, सामान हरवलेला पाहुणा पुढें उभा राहतो. त्याचें पूर्ण ऐकून घ्यावें, मध्येंच आपली सफाई देऊं नये, तक्रार लिहून घ्यावी, ज्याच्या अखत्यारींत ती आहे त्यास ताबडतोब कळवावी, आणि निवारण झालें कीं नाहीं हें पुन्हां जाऊन विचारावें. हें शिकलेला तरुण पुढें कोणत्याही धंद्यांत गेला तरी उपाशी राहणार नाहीं.

येथपर्यंत ऐकून पालकांस आनंद वाटला असेल. आतां दुसरी बाजू सांगणें आमचें कर्तव्य आहे. कारण या वाटेवर कांहीं घरांचे दागिने आणि कांहीं घरांच्या जमिनी गहाण पडल्या आहेत.

आमच्या तुकडींतील एका तरुणाची हकीकत सांगतों. त्याचें व त्या ठिकाणाचें नांव येथें नको. त्याच्या आराखड्यांत तीन खातीं लिहिलेलीं असतां पांच महिने तो एकट्या भांडीं घासण्याच्या यंत्रापाशींच उभा होता. घरीं कर्ज होतें. तोंड उघडलें तर परत पाठवितील या भीतीनें तो गप्प राहिला. अखेर आम्हीं दोघा-तिघांनीं मिळून त्याचा आराखडा ओळीनें वाचला आणि त्यानें पुरस्कर्त्या संस्थेस शांत शब्दांत, तारीखवार पत्र लिहिलें. चौकशी झाली, आणि उरलेले महिने त्यानें जेवणगृहांत व स्वागतकक्षांत काढले. दुसऱ्या एका ठिकाणीं अशाच स्थितींत असलेल्या मुलीजवळ तिचा आराखडाच नव्हता. तो दलालानें आपल्याजवळ ठेवला होता. ती वर्ष भरून परतली तेव्हां तिच्या हातीं प्रमाणपत्र होतें, पण विद्या नव्हती. दोघांच्या नशिबांतील अंतर एका कागदाएवढें होतें.

म्हणून सांगतों, सर्व कागदांच्या दोन प्रती करा. एक घरीं आईजवळ ठेवा. पासपोर्ट मालकाच्या वा दलालाच्या स्वाधीन करूं नका. २००८ च्या अमेरिकन कायद्यानुसार परवान्याच्या मुलाखतीच्या वेळीं उमेदवाराच्या हक्कांची एक पुस्तिका देण्यांत येते. तिच्यांत मदतीचे दूरध्वनिक्रमांक छापलेले असतात. ती पुस्तिका सामानाच्या तळाशीं टाकूं नका.

दलालाविषयींही दोन शब्द. नोकरीसाठीं परदेशीं माणसें पाठविणाऱ्या दलालास आपल्या सरकारच्या १९८३ च्या कायद्याप्रमाणें नोंदणी करावी लागते, आणि उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक सेवाशुल्क घेण्याची त्यास मुभा नाहीं. शिक्षणासाठीं पाठविणारे आपणांस सल्लागार म्हणवून घेतात; त्यांच्याकडून प्रत्येक रकमेची वेगळी पावती घ्यावी: संस्थेचें शुल्क किती, विम्याचें किती, परवान्याचें किती, त्यांचें स्वतःचें किती. पावती देण्यास जो कचरतो, त्याच्या दारीं दुसऱ्यांदा जाऊं नये.

आणि मिळकतीचा हिशेब आधीं कागदावर मांडावा. अमेरिकेचें राष्ट्रीय किमान वेतन २००९ पासून ताशीं ७.२५ डॉलर आहे; पुष्कळ राज्यांत तें याहून अधिक आहे. वाढप्यास मात्र राष्ट्रीय कायद्यानें ताशीं २.१३ डॉलर इतकेंच रोख वेतन देतां येतें, आणि हा आंकडा १९९१ पासून बदललेला नाहीं. उरलेलें पाहुण्यांच्या बक्षिसीवर असतें. बक्षिसी धरूनही किमान वेतन भरत नसेल तर कमी पडलेली रक्कम मालकानें भरून द्यावी असा कायदा आहे. यांतून राहण्याचें भाडें, जेवण व प्राप्तिकर जातो. सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर हे दोन कर बहुतेक उमेदवारांस लागू नसतात; चुकून कापले गेल्यास परत मागावे. प्राप्तिकराचें विवरण दरसाल १५ एप्रिलपर्यंत पाठवावें लागतें. हा सर्व हिशेब केल्यावर आपणांस दिसेल कीं, उमेदवारीच्या एका वर्षांत जमिनीवरचें कर्ज फेडूं ही आशा बहुधा फोल ठरते. ज्याला विद्या हवी त्यानें जावें. ज्याच्या घरास आजच पैसा हवा, त्यानें दुसरी वाट पाहावी. गहाणखतावर सही करण्यापूर्वीं बापानें ही गोष्ट मुलाशीं आणि मुलानें बापाशीं स्पष्ट बोलावी. उगवत्या लेकरास घराच्या कर्जाचें जूं लावून पाठविलें तर तें अन्यायही मुकाट सोसतें, हें आपण वरील हकीकतींत पाहिलेंच.

आतां आत्म्याची काळजी. रिसॉर्टांत रविवार हा सर्वांत गर्दीचा दिवस असतो. मालक सुट्टी देतो ती मंगळवारीं वा बुधवारीं. कित्येक तरुणांचा मिस्सा येथेंच सुटतो. पहिल्या रविवारीं मन खातें, चौथ्या रविवारीं तें खाईनासें होतें. त्यांनीं लक्षांत ठेवावें कीं पवित्र सभेच्या १९८३ च्या धर्मविधानाप्रमाणें शनिवारीं संध्याकाळीं मिस्सांत भाग घेतल्यानेंही रविवारचें कर्तव्य पुरें होतें. गेल्याबरोबर पहिल्याच आठवड्यांत जवळचें कॅथॉलिक देऊळ कोठें आहे तें शोधावें आणि तेथील धर्मगुरूंस आपलें नांव सांगावें. आम्ही गेलों त्या देवळांत इंग्रजीइतकेच स्पॅनिश बोलणारे लोक होते. स्वयंपाकघरांत आमच्या शेजारीं कांदे चिरणारा मेक्सिकोचा बंधु रविवारीं तेथें वेदीजवळ वाचन करी. त्या दिवशीं विश्वव्यापी सभा म्हणजे काय तें आम्हांस कळलें.

परदेशांतील एकटेपण हें खरें संकट आहे. बाहेर बर्फ, रात्रपाळी संपलेली, खोलींत कोणी नाहीं. अशा वेळीं मद्य आणि जुगार हे मित्राचा वेष घेऊन येतात. रोजची जपमाळ, आठवड्याचें घरचें बोलणें आणि एक तरी खरा स्नेही, एवढ्या तीन दोरांनीं नाव बांधलेली असूं द्या.

आपल्यापुढें उदाहरण घरचेंच आहे. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया तरुणपणींच जपानास गेले. तेथें त्यांनीं त्या लोकांची भाषा इतकी आत्मसात् केली कीं पुढें धर्मगुरूंचे दुभाषी म्हणून त्यांची निवड झाली. मध्यंतरीं त्यांनीं व्यापारही केला आणि त्यांत ते यशस्वी झाले. परंतु परदेशानें व धनानें त्यांचें मन पालटलें नाहीं. मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत सामान्य धर्मबंधु झाले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें त्यांनीं क्रूसावर प्राण दिला. १८६२ मध्यें पवित्र सभेनें त्यांस संतपद दिलें. परमुलखांत जाऊन तेथील भाषा शिकावी, धंदा सचोटीनें करावा आणि श्रद्धा गमावूं नये, हें आपल्या मातींतील एका तरुणानें चारशें वर्षांपूर्वीं करून दाखविलें आहे.

शेवटीं आपल्या धर्मग्रामास आमची विनंति आहे. महोत्सवाचे दिवे चार दिवसांत उतरतील. त्यांच्या मागें कांहीं टिकाऊ काम राहावें. परदेशीं गेलेल्या मुलामुलींची एक नोंदवही देवळांत असावी. जाऊन आलेल्या मंडळींनीं वर्षांतून दोनदां बसून नव्यानें जाणाऱ्यांचे आराखडे व करार त्यांच्या पालकांसमक्ष वाचून द्यावे; आम्ही या कामास आजपासून बांधलेले आहों. निघणाऱ्या प्रत्येकास रविवारच्या मिस्सांत सर्वांसमोर आशीर्वाद मिळावा, म्हणजे आपण एकटे जात नाहीं हें त्यास कळेल. आणि परतलेल्यास 'किती डॉलर आणलेस?' असें विचारण्याआधीं 'काय शिकलास?' असें विचारण्याची पद्धति आपण पाडूं या.

ज्या प्रभूस बेथलेहेमच्या धर्मशाळेंत जागा मिळाली नाहीं, त्यानेंच शेवटच्या रात्रीं कमरेस टॉवेल बांधून आपल्या शिष्यांचे पाय धुतले, आणि पुनरुत्थानानंतर सरोवराच्या कांठीं दमून आलेल्या कोळ्यांसाठीं स्वतः मासळी भाजून न्याहारी तयार ठेवली. आपल्या लेकरांच्या हातून जगाच्या कोणत्याही कोपऱ्यांत घडणारी सेवा त्याच्या सेवेसारखी प्रेमळ व निष्कपट होवो, त्यांच्या श्रमाचें योग्य मोल त्यांस मिळो, आणि ते सुखरूप आपल्या घरीं व आपल्या देवळांत परत येवोत, अशी पवित्र मरियेच्या मध्यस्थीनें प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.